लुळ्या हाताचं गणित

मराठीत ‘शीर’ आणि ‘नस’ हे दोन्ही शब्द रक्तवाहिनीलाही चालतात आणि मज्जातंतूलाही. रोजच्या बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही. पण मोटारसायकलवरून पडलेल्या मुलाचा हात खांद्यापासून लोंबत असतो, एक्स-रेत हाड शाबूत दिसतं, आणि कोणीतरी म्हणतं, ‘शीर दबलीय, येईल हळूहळू.’ मग मालिश सुरू होते आणि महिने निघून जातात. या विषयात नव्यानं येणाऱ्यांना मला आधी त्या महिन्यांबद्दल सांगायचं आहे.

मानेच्या खालच्या भागातून चार आणि छातीच्या वरच्या टोकाशी एक, अशी मज्जातंतूंची पाच मुळं निघतात, एकमेकांत गुंततात आणि खांद्यापासून बोटांपर्यंतचा सगळा हात चालवतात. हे जाळं म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस. पडताना डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला गेला की ते ताणतं, तुटतं, कधी मज्जारज्जूतून मुळासकट उपटलं जातं. अवघड प्रसूतीत खांदा अडकलेल्या बाळालाही हीच इजा होते. नुसता ताण असेल तर हात आपोआप सुधारतो. तुटलेल्या तंतूत पायातून घेतलेल्या तंतूचा तुकडा जोडता येतो. उपटलेलं मूळ मात्र जोडायला जागाच उरत नाही.

आता गणित पाहा. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मानेपासून पंजापर्यंतचं अंतर कापायला त्याला सुमारे दोन वर्षं लागतील. पण तंतूविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात प्रतिसाद देईनासा होतो. म्हणून शस्त्रक्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते, आणि म्हणूनच जवळच्या धडधाकट तंतूच्या उसनवारीची कल्पना इतकी मोलाची ठरली. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी 1994 मध्ये मांडलेली पद्धत मला आजही थक्क करते. पंजाकडे जाणाऱ्या अल्नर तंतूतला एक बारीक जुडगा दंडातच सोडवून बायसेप्सच्या फांदीला जोडायचा. अंतर काही सेंटिमीटरांवर येतं. पंजाची ताकद बहुतेक शाबूत राहते आणि कोपर वाकतं. बरगड्यांमधले तंतू वापरले तर रुग्णाला सुरुवातीला खोल श्वास घेऊन कोपर वाकवावं लागतं. पुढे मेंदू ते श्वासाविना शिकतो. फिजिओथेरपिस्टांनो, हे शिकवणं तुमच्याच हातात आहे.

उशिरा आलेल्यांसाठीही वाट आहे: चालत्या स्नायूची कंडरा लुळ्या स्नायूच्या कामाला वळवायची. कुष्ठरोगानं आखडलेल्या बोटांसाठी वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी धडधाकट स्नायूंच्या कंडरा वळवल्या. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरुग्णांसाठी पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या. आजही कंडरा वळवताना आपण त्याच वाटेनं जातो.

तपासणीची सुरुवात मात्र खाटेजवळच होते. रुग्णाला शर्ट पूर्ण काढायला सांगा. पाठीमागे उभं राहून खांद्याची पाती पाहा. मग समोर या आणि दोन्ही डोळे नीट न्याहाळा: लुळ्या हाताच्या बाजूची पापणी उतरलेली आणि बाहुली बारीक असेल, तर खालचं मूळ बहुधा उपटलेलं आहे. रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवा.