न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन (१८३३–१९११) : भिन्नमताचा इतिहास

प्रस्तावना

न्यायालयाचा निकाल बहुमताने ठरतो. अल्पमतातील न्यायाधीशाने लिहिलेल्या भिन्नमताला कायद्याचे बळ नसते. तरीही काही भिन्नमते पुढील पिढ्यांना उपयोगी पडतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हार्लन यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

जडणघडण

हार्लन यांचा जन्म १ जून १८३३ रोजी केंटकी राज्यात झाला. वडील वकील व राजकारणी होते आणि घरात गुलाम होते. यादवी युद्धात हार्लन संघराज्याच्या बाजूने लढले व दहाव्या केंटकी पायदळ तुकडीचे कर्नल झाले. मात्र त्यांचा लढा संघराज्य टिकवण्यासाठी होता, गुलामगिरी संपवण्यासाठी नव्हता. गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्यांनी विरोधच केला होता.

युद्धानंतर केंटकीत कृष्णवर्णीयांवर हिंसक हल्ले होऊ लागले. जुने राजकीय पक्षही मोडकळीस आले होते. १८६८ च्या सुमारास हार्लन रिपब्लिकन पक्षात गेले. १८७१ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लढवताना आपले मत बदलल्याचे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. त्यात ते हरले आणि १८७५ मध्ये पुन्हा हरले. १८७६ च्या पक्ष-अधिवेशनात रदरफोर्ड हेस यांना उमेदवारी मिळवून देण्यात त्यांनी मदत केली होती. पुढे अध्यक्ष झालेल्या हेस यांनी १८७७ मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले.

दोन भिन्नमते

१८७५ च्या नागरी हक्क कायद्याने खाणावळी, नाटकगृहे व प्रवासी वाहने यांत वर्णावरून भेदभाव करण्यास बंदी घातली होती. १८८३ मध्ये न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. चौदावी दुरुस्ती फक्त राज्यांच्या कृतीला लागू होते, खासगी व्यक्तींच्या वर्तनाला नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. आठ विरुद्ध एक अशा या निकालात एकटे हार्लन वेगळे राहिले. त्यांचा युक्तिवाद असा : रेल्वे व खाणावळी कायद्याच्या परवानगीने सार्वजनिक काम करतात, म्हणून त्यांना निव्वळ खासगी म्हणता येत नाही. शिवाय गुलामगिरी संपवायची, तर तिच्या खुणाही पुसण्याचा अधिकार काँग्रेसला असलाच पाहिजे.

दुसरा खटला प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन, १८९६ चा. लुइझियानाच्या कायद्याने गोऱ्या व कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी रेल्वेचे वेगळे डबे सक्तीचे केले होते. सोयी समान असतील तर वेगळेपणात अन्याय नाही, असे सात न्यायमूर्तींनी ठरवले. हार्लन यांनी कायद्याच्या शब्दांमागचा हेतू पाहिला. गोऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या डब्यातून दूर ठेवण्यासाठी हा कायदा केलेला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे, असे ते म्हणाले. संविधान नागरिकांचा वर्ण पाहत नाही, ही त्यांची भूमिका होती. गुलामगिरीला बळ देणाऱ्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाइतकाच हा निकालही घातक ठरेल, असा इशारा त्यांनी दिला.

मर्यादा

हार्लन यांना समतेचे निर्दोष पुरस्कर्ते मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. प्लेसी खटल्यातील त्याच भिन्नमतात त्यांनी गोऱ्यांच्या वरचढ स्थानाचा अभिमानाने उल्लेख केला आणि चिनी लोकांविषयी परकेपणाची भाषा वापरली. १८९८ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना नागरिक मानण्यासही ते तयार नव्हते. १८९९ मध्ये जॉर्जियातील एका शाळामंडळाने कृष्णवर्णीयांचे हायस्कूल बंद केले, पण गोऱ्यांच्या माध्यमिक शिक्षणाला मदत चालू ठेवली. त्या मंडळाच्या बाजूने लागलेला एकमताचा निकाल हार्लन यांनीच लिहिला.

समारोप

१४ ऑक्टोबर १९११ रोजी हार्लन यांचे निधन झाले, तेव्हा प्लेसीचा निकाल कायम होता. १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णीय विभाजन एकमताने घटनाबाह्य ठरवले. हा बदल एका भिन्नमतामुळे झाला नाही. कृष्णवर्णीय पालक, विद्यार्थी व वकील यांनी अनेक वर्षे दिलेल्या लढ्याचे ते फळ होते. त्या लढ्याला वापरता येईल असा युक्तिवाद मात्र न्यायालयाच्या दप्तरातच १८९६ पासून नोंदलेला होता.

विचारासाठी प्रश्न

१. १८८३ च्या निकालात 'राज्याची कृती' व 'खासगी कृती' हा भेद का निर्णायक ठरला?
२. प्लेसी खटल्यातील भिन्नमत आणि १८९९ चा निकाल एकाच न्यायाधीशाचे आहेत. यातून त्यांच्या समतेच्या कल्पनेविषयी काय म्हणता येईल?