लग्नाची तयारी सुरू होती आणि बडोद्याच्या राजकन्येने थेट नवरदेवालाच पत्र लिहून नकार कळवला

एका बाजूला राजघराण्याची इभ्रत, दुसऱ्या बाजूला मनातला माणूस आणि मध्ये अडकलेली राजकन्या. कार्टूनपासून वेब सिरीजपर्यंत ही गोष्ट आपण शंभरदा पाहिली असेल. पण ११० वर्षांपूर्वी एका मराठी राजघराण्यात हे खरोखर घडलं होतं. राजकन्येचं नाव इंदिराराजे गायकवाड. वडील बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड, तिसरे.

कोण होत्या इंदिराराजे?

इंदिराराजेंचा जन्म १८९२ चा. सयाजीराव आणि महाराणी चिमणाबाई दुसऱ्या यांची ही एकुलती एक मुलगी. भावांमध्ये वाढलेली, इंग्लंडला जाऊन आलेली आणि त्या काळात कॉलेजची पायरी चढलेली राजकन्या.

घरही साधंसुधं नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावातून दत्तक गेलेल्या सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. चिमणाबाईंनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, जे १९११ मध्ये आलं. पुढे १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, त्याच्या अध्यक्षाही त्याच होत्या.

थोडक्यात, मुलींनी शिकावं असं सांगणारं हे घर. पण मुलगी शिकली तरी तिचं लग्न कुणाशी करायचं, हे मात्र घरचेच ठरवणार होते.

ग्वाल्हेरचं स्थळ

इंदिराराजेंचं लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या महाराजा माधवराव शिंदे यांच्याशी. शिंदे घराणं मराठवाड्याला नवीन नाही. आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईजवळ १८०३ मध्ये इंग्रजांशी लढाई झाली, त्यात शिंद्यांच्याच फौजा होत्या. विसाव्या शतकात मात्र ग्वाल्हेर इंग्रजांच्या मर्जीतलं संस्थान होतं.

कागदावर स्थळात खोट नव्हती. दोन्ही घराणी मराठा, दोन्ही संस्थानांना २१ तोफांची सलामी. भारतात हा मान मोजक्याच संस्थानांना होता.

अडचण वेगळी होती. माधवराव वयाने १५ वर्षांनी मोठे होते. त्यांचं आधीच लग्न झालेलं होतं, पण मूल नव्हतं. म्हणजे इंदिराराजे दुसऱ्या राणी म्हणून जाणार, गादीला वारस देणार आणि पडद्यात राहणार. कॉलेजात गेलेल्या मुलीपुढे हे आयुष्य वाढून ठेवलेलं होतं.

दिल्ली दरबारात काय झालं?

डिसेंबर १९११. पंचम जॉर्ज बादशहाच्या दरबारासाठी देशभरातले संस्थानिक दिल्लीत जमले होते. तिथे १९ वर्षांच्या इंदिराराजेंची कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी जवळीक वाढली आणि दोघं प्रेमात पडले.

त्याच दरबारात सयाजीरावांवर वेगळंच संकट आलं. बादशहापुढे त्यांनी फक्त एकदाच मान झुकवली आणि पाठ करून निघून गेले, असा आरोप झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी रान उठवलं. अशा वेळी ग्वाल्हेरसारख्या वजनदार घराण्याशी सोयरीक तुटणं बडोद्याला अजिबात परवडणारं नव्हतं.

पण इंदिराराजेंनी आई-वडिलांना न सांगता माधवरावांना पत्र लिहिलं की हे लग्न होऊ शकत नाही. बडोद्यात लग्नाची तयारी सुरू असताना ग्वाल्हेरहून तार आली. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा त्यात होती. घरच्यांना लेकीचा निर्णय कळला तो असा.

विरोध कशाला होता?

कूचबिहार हे बंगालच्या उत्तरेचं छोटं संस्थान, १३ तोफांच्या सलामीचं. त्यात जितेंद्र धाकटे, म्हणजे गादीवर बसायची शक्यता कमी. जात वेगळी, भाषा वेगळी. त्यांची आई सुनीतीदेवी ही ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांची मुलगी. शिवाय हे कुटुंब फारच पाश्चात्त्य वळणाचं, अशी चर्चा होती.

आई-वडिलांनी भेटीगाठींवर बंदी घातली. हा ताण दीड वर्षाहून जास्त चालला. दोघं ऐकेनात, तेव्हा घरच्यांनी लग्नाला परवानगी दिली, पण स्वतः हजर राहायला नकार दिला. ऑगस्ट १९१३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात ब्राह्मो पद्धतीने लग्न लागलं. ना आई, ना वडील.

जबाबदारी मात्र सुटली नाही

गोष्टी इथे संपतात. इंदिराराजेंचं आयुष्य इथून बदललं.

लग्नानंतर काही दिवसांतच जितेंद्र यांचे थोरले भाऊ महाराजा राज राजेंद्र वारले. धाकट्या राजपुत्राशी लग्न केलेल्या इंदिराराजे एकदम कूचबिहारच्या महाराणी झाल्या. पुढच्या सात वर्षांत पाच मुलं झाली. डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्रही गेले.

तेव्हा इंदिराराजे अवघ्या ३० वर्षांच्या होत्या आणि गादीचा वारस जगद्दीपेंद्र सात वर्षांचा. मुलगा सज्ञान होईपर्यंत संस्थानाचा कारभार बघण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. १९३६ मध्ये मुलाच्या हाती अधिकार येईपर्यंत त्यांनी ती सांभाळली. आज त्यांची आठवण शिफॉनच्या साड्या आणि इटलीहून मागवलेल्या बुटांसाठी जास्त काढली जाते. एका राजवाड्याचा पडदा नाकारणाऱ्या बाईने दुसऱ्या संस्थानाचा कारभार पाहिला, हे मात्र मागे पडतं.

माहेरही कायमचं तुटलं नाही. राग निवळला आणि नातवंडं बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये आजी-आजोबांकडे राहायला जाऊ लागली.

ग्वाल्हेरचं काय झालं?

माधवरावांनी गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी लग्न केलं. त्यांचा मुलगा जिवाजीराव. त्यांच्या पत्नी म्हणजे राजमाता विजयाराजे आणि नातू म्हणजे ज्योतिरादित्य शिंदे.

आणि मग लेकीची वेळ आली

इंदिराराजेंची मुलगी म्हणजे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. जयपूरचे महाराजा मानसिंह यांच्यावर त्यांचं प्रेम बसलं, तेव्हा मानसिंहांना आधीच दोन राण्या होत्या. आता विरोध करायची पाळी इंदिराराजेंची होती. आपण जे स्थळ मोडलं, जवळपास तसंच लेक हौसेने मागत होती. शेवटी १९४० मध्ये लग्न झालं. गायत्रीदेवींनी १९४३ मध्ये पडद्यातल्या जयपुरात मुलींची शाळा काढली आणि १९६२ मध्ये विक्रमी मतांनी लोकसभेत गेल्या. आईच्या त्या पत्राची गोष्टही त्यांच्याच आत्मचरित्रामुळे सगळ्यांना कळली.

इंदिराराजे १९६८ मध्ये मुंबईत वारल्या. त्यांची गोष्ट ‘प्रेमासाठी कर्तव्य सोडलं’ अशी सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांनी कर्तव्य नाकारलं नव्हतं, त्यांनी फक्त नवरा स्वतः निवडला होता.