डॅशबोर्डचा मीटर रुसला तर...

मोटारीचा वेग, इंजिनाचे तापमान, टाकीतील इंधन आणि ऑईलच्या दाबाचा इशारा या साऱ्या गोष्टी चालकाला एकाच ठिकाणी दिसतात, ते ठिकाण म्हणजे डॅशबोर्डवरील मीटर. हा मीटर मंदावला, लुकलुकू लागला वा पुरता अंधारला, की वाहनधारक सहसा दोन टोके गाठतो. एक तर ‘गाडी चालते आहे ना’ म्हणून दुर्लक्ष करतो, नाहीतर संपूर्ण मीटर बदलण्याचा खर्च निमूटपणे मान्य करतो. वस्तुतः यांपैकी अनेक बिघाडांचे मूळ जळालेला फ्यूज, सैल जोडणी किंवा तडकलेला सोल्डरचा ठिपका एवढेच असते. थोडा संयम आणि साधी अवजारे असतील, तर असा मीटर घरच्या घरीही पूर्ववत करता येतो. मात्र आपले काम कोठे संपते आणि जाणकाराचे कोठे सुरू होते, याचे भान सुटता कामा नये.

वसई-विरार परिसरात या प्रश्नाला हवामानाचीही जोड आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि आजूबाजूला मिठागरे, यांमुळे येथील हवा दमट आणि खारी असते. अशा हवेत तांब्या-पितळेच्या जोडण्यांवर हिरवट-पांढरा थर लवकर साचतो. त्यात पावसाळ्यात रस्ते जलमय होण्याचा अनुभव येथील रहिवाशांना नवा नाही. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई ते विरारदरम्यानची लोकलसेवा ठप्प झाली आणि अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या होत्या. पाणी आसनापर्यंत चढलेल्या गाडीतील विद्युत जोडण्या त्या दिवशी टिकल्या, तरी ओलाव्याचे परिणाम काही महिन्यांनी दिसू शकतात.

मीटर हा केवळ सोयीचा भाग नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ वेगमापकासंबंधी आहे. चालकाला वाहनाचा वेग सहज दिसेल, असे उपकरण गाडीत असणे त्यानुसार बंधनकारक आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अवजड वाहनांच्या गर्दीत तापमानाचा काटा किंवा ब्रेकचा लाल दिवा न दिसणे किती महागात पडेल, हे वेगळे सांगायला नको. ऑईलच्या दाबाचा दिवा पाहायचा राहून गेला, तर काही मिनिटांत इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

केबलपासून पडद्यापर्यंत

जुन्या गाड्यांत वेगमापक यांत्रिक असे. मुंबईकरांच्या परिचयाच्या प्रीमियर पद्मिनीत गिअरबॉक्सपासून निघालेली केबल मीटरमधील लोहचुंबक फिरवी आणि त्याच्या ओढीने काटा हले. केबल तुटली तर ती बदलायची, एवढीच दुरुस्ती. पद्मिनीची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

आजच्या मीटरमध्ये सेन्सरची माहिती गाडीतील संगणकाकडून तारांच्या जाळ्यातून येते. मीटरच्या आत छापील सर्किट असलेली पट्टी असते. तिच्यावरील चिप ही माहिती वाचते आणि लहान मोटारींद्वारे काटे फिरवते किंवा एलसीडी पडद्यावर आकडे उमटवते. रेनॉ क्विडसारख्या परवडणाऱ्या गाडीतही २०१५ पासून वेग आकड्यांत दिसू लागला. यंत्र जितके नाजूक, तितक्या त्याच्या तक्रारीही निराळ्या. मारुती सुझुकीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ३९,५०६ ग्रँड विटारा गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, त्या मीटरमधील इंधनदर्शक आणि इशारा दिवा अचूक माहिती देत नसल्याच्या शक्यतेमुळेच. अमेरिकेत टेस्लाने २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. तेथे मधल्या पडद्यामागील स्मृतिचिप लिहून-पुसून झिजत होती.

म्हणूनच स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी आपल्या गाडीसाठी कंपनीने असे आवाहन केले आहे का, हे चॅसी क्रमांक देऊन तपासून घ्यावे. तसे असल्यास दुरुस्ती विनामूल्य होते. गाडी वॉरंटीत असतानाही मीटर घरी उघडू नये.

आधी निदान, मग दुरुस्ती

पहिली पायरी बॅटरीची. इंजिन बंद असताना मल्टीमीटरवर साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. दाब कमी असेल किंवा बॅटरीची टोके सैल असतील, तर मीटर लुकलुकतो आणि दोष मात्र नाहक त्याच्या माथी मारला जातो. त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत पाहून मीटरचा फ्यूज तपासावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

पडदा केवळ मंद असेल, तर प्रकाश कमी-जास्त करणारी चकती तळाशी फिरली आहे का, हे पाहावे. ही क्षुल्लक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते.

मीटर खोटे बोलतो की सेन्सर, हे ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. चालकाच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली तपासणीचे सॉकेट असते. त्यात बसणारे आणि मोबाईलशी जोडले जाणारे ओबीडी उपकरण बाजारात मिळते. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत ते चालते. मोबाईलवर वेग आणि तापमान बरोबर दिसत असेल आणि मीटरवर नसेल, तर दोष मीटरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे. दोन्हीकडे आकडा चुकत असेल, तर सेन्सरकडे वळावे. मीटर खोलण्याचे कारण नाही.

बिघाडाची वेळही बोलकी असते. खड्ड्यात गाडी आदळल्यावर किंवा डॅशबोर्डवर हलकी थाप मारल्यावर पडदा सुरू होत असेल, तर सैल जोडणी वा तडकलेल्या सोल्डरचा संशय घ्यावा. उन्हात उभ्या गाडीचा पडदा काळवंडून संध्याकाळी सुधारत असेल, तर एलसीडी किंवा तिच्यावरील पापुद्रा उष्णतेने खराब होत आहे.

मीटर सुटा करताना

सर्वप्रथम किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढावे. नंतर चावी काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि किमान दहा मिनिटे थांबावे. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज ओसरण्यासाठी हा वेळ आवश्यक असतो. पिवळ्या वेष्टनातील तारा व जोडण्या सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये.

स्टिअरिंग खाली करून त्यावर जाड कापड टाकावे. मीटरभोवतीची प्लॅस्टिकची चौकट खटक्यांवर आणि दोन-चार स्क्रूंवर बसवलेली असते. ती लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने न उचकटता प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवावी. मीटर पुढे ओढल्यावर मागील जोडणीची खिट्टी दाबूनच ती काढावी, तारा धरून खेचू नये. सोडवलेले स्क्रू कोणत्या जागेचे, हे कागदावर लिहून ठेवल्यास परत बसवताना त्रेधा उडत नाही. सुटा मीटर पालथा ठेवू नये. काही जुन्या मीटरमध्ये काट्यांची थरथर रोखण्यासाठी सिलिकॉनचे तेल असते, ते सांडून तबकडी खराब होते.

दोष तसा उपाय

जोडणीच्या पिनांवर थर दिसल्यास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून मऊ ब्रशने त्या स्वच्छ कराव्यात. खाऱ्या हवेच्या पट्ट्यात पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. पॉलिश पेपर घासू नये. पिनेवरील संरक्षक मुलामा निघून गंज अधिक वेगाने चढतो.

मागील प्रकाश गेला असेल, तर जुन्या गाड्यांत अर्धा वळसा देऊन निघणारे छोटे बल्ब असतात. नवा बल्ब त्याच वॅटचा घ्यावा. एलईडी बसवल्यास तिची धन-ऋण बाजू पाहावी. उलट बसल्यास ती पेटत नाही. काही जुन्या गाड्यांत बॅटरीच्या इशारा दिव्यातूनच अल्टरनेटरला आरंभीचा प्रवाह मिळतो. त्यामुळे तो एक बल्ब गेल्यानेही बॅटरी चार्ज होणे थांबू शकते.

थाप मारल्यावर सुरू होणाऱ्या मीटरची पट्टी भिंगाखाली पाहावी. जोडणीच्या पिनांभोवती सोल्डरमध्ये बारीक वर्तुळाकार चीर दिसते. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने आणि धक्क्यांनी ती पडते. अशा ठिकाणी फ्लक्स लावून बारीक टोकाच्या २५ ते ४० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन सेकंदांत नवा डाग द्यावा. शेजारचे दोन ठिपके एकमेकांना जोडले गेले नाहीत, याची खात्री करावी. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते. खिडकी उघडी ठेवावी, मुले जवळ नसावीत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

फुगलेला कपॅसिटर बदलताना नव्याची क्षमता तेवढीच, व्होल्टेज तेवढे किंवा अधिक आणि उष्णतेची मर्यादा १०५ अंश सेल्सिअस असावी. धन-ऋण टोकांची अदलाबदल अजिबात चालत नाही. हे सुटे भाग ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत सहज मिळतात.

पडद्यावर उभ्या रेषा गायब होणे हा मात्र अवघड प्रकार. पडदा आणि पट्टी यांना जोडणारी पातळ फीत उष्णतेने चिकटवलेली असते आणि ती सुटली की आकडे अर्धवट दिसतात. घरच्या इस्त्रीने वा आयर्नने ती चिकटवण्याच्या नादात उरलेल्या रेषाही जातात. अडकलेल्या काट्याची मोटार बदलणेही तितकेच जिकिरीचे आहे. काटा शून्यावर अचूक न बसल्यास वेग कायम चुकीचा दिसतो. ही दोन्ही कामे मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच सोपवावीत.

मीटर भिजला असेल, तर चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. ओल्या पट्टीत वीज सोडल्याने जी हानी होते, ती पाण्याने होत नाही. बॅटरी सोडवून मीटर काढावा, पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन एक-दोन दिवस सावलीत वाळवावी. एलसीडी पडद्याला आणि तबकडीला मात्र हे द्रव्य लावू नये.

आकड्याची विश्वासार्हता

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दुसरा मीटर आणून बसवणे वरवर सोपे भासते. तथापि किलोमीटरचा आकडा मीटरच्या स्मृतिचिपमध्ये असल्याने दुसऱ्याचा मीटर म्हणजे दुसऱ्याचे किलोमीटर. शिवाय फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत चोरीविरोधी कुलपाची माहितीही मीटरमध्येच असते. परका मीटर बसवल्यास गाडी सुरूच होत नाही. आपलाच मीटर दुरुस्त करणे हे म्हणूनच केवळ स्वस्त नव्हे, तर सचोटीचेही ठरते. मीटर बदलावाच लागला, तर जुना आकडा, तारीख आणि पावती जपून ठेवावी व गाडी विकताना ती दाखवावी. आकडा मागे फिरवून गाडी विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

दुरुस्तीचा हक्क

सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याच्या प्रथेवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये बोट ठेवले आणि १४ मोटार कंपन्यांना एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. या आदेशाला पुढे आव्हानही दिले गेले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा कंपन्यांच्या गाड्या बाळगणाऱ्यांसाठी आहे तो मीटर टिकवणे हीच खरी बचत आहे.

हे लक्षात ठेवा

- दुरुस्तीनंतर चावी फिरवताच सर्व इशारा दिवे क्षणभर पेटले पाहिजेत. ऑईल आणि बॅटरीचा दिवा इंजिन सुरू होईपर्यंत राहतो, एअरबॅग व एबीएसचे दिवे काही सेकंदांत विझतात.
- न पेटणारा दिवा हा न विझणाऱ्या दिव्याइतकाच धोक्याचा आहे.
- मोकळ्या रस्त्यावर सोबतच्या व्यक्तीला मोबाईलवरील जीपीएसचा वेग पाहायला सांगून तो मीटरशी ताडून घ्यावा. मीटरने किंचित अधिक वेग दाखवणे स्वाभाविक आहे. कमी दाखवणे मात्र चूक.
- एअरबॅगचा दिवा कायम राहिल्यास गाडी थेट अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी.
- दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत महामार्गावर गाडी नेऊ नये.