बाटली नंबर ५३ एन

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा मंडळातील भगिनींचा आग्रह झाला. पाककृती लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. मी एका बाटलीची हकीगत सांगते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे प्रतिबंधक लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळला लशीचे काम इतके वाढले, की प्रयोगशाळेचा जणू कारखानाच झाला. बाटल्यांवर नंबर घातले जात.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी (ते आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सारे ५३ एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांची जागा गेली. पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे जबानीत आलेच होते. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी ही बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचेच नाव दिले गेले.

माणसाला बोल लावणे सोपे. चूक कोणत्या पायरीवर झाली हे शोधणे कठीण. नंबर नसता तर बाटलीही सापडली नसती. कारखान्यात मालाची प्रत राखतात ती याच शिस्तीने. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी तिला आलेखाची जोड दिली : बिघडलेला माल मागाहून वेचण्यापेक्षा तो तयार होतानाच लक्ष ठेवावे.

ही शिस्त आता आपल्या ब्राह्मणपुरीतही पोहोचली आहे. लशीच्या कुपीवर एक वर्तुळ व त्यात चौकोन असतो. नाशवंत खाद्यपदार्थांसाठी निघालेली ही युक्ती १९९६ पासून पोलिओच्या लशीवर आली. चौकोन वर्तुळाहून फिका असेल, तर लशीला उष्णता बाधलेली नाही. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला, तर ती कुपी वापरायची नाही. मुदतीची तारीखही पाहावी लागते ती वेगळीच.

गेल्या खेपेस नातवाला मांडीवर घेऊन बसले असता मी नर्सबाईंना तो चौकोन दाखवायला सांगितले. त्या रागावल्या नाहीत. कुपी उजेडात धरून म्हणाल्या, "बघा, आजी."

भगिनींनो, विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. धान्य निवडल्यावाचून आपण दळायला देत नाही. मग लेकराच्या दंडात जाणारे औषध न पाहता कसे चालेल?