बेतीपर्यंत, पायलटच्या मागे

आधी कपडे बघून घ्या. आज तुम्ही साडीत आहात. पुरुष असलात तरीही. एवढ्या फेरीपुरतं चालवून घ्या, कारण मोटरसायकलवर मागे बसणं काय असतं ते दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्याला निम्मंच कळतं. साडी नायलॉनची, कारण पावसाळा आहे आणि सुती साडी दोन दिवस वाळायची नाही. पायात प्लास्टिकच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला अर्ज. तो आज दुपारच्या आत पणजीला, सचिवालयात पोचवायचा आहे.

साल 1986. जुलैतला शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. मोयड्याच्या केळ्यांचे लांबलचक घड, सुक्या मासळीचे ढीग, त्यांवर ताणलेलं प्लास्टिक आणि प्लास्टिकच्या पोटात साचलेलं पाणी. एरवी इथून बस पकडली असती आणि तेरा-चौदा किलोमीटरवरच्या पणजीत उतरला असता. पण 5 जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. 1970 मध्ये सुरू झालेला पूल 16 वर्षांत नदीत गेला. आता नदीच्या अलीकडे, बेतीला उतरायचं, फेरीबोटीसाठी गर्दीत उभं राहायचं आणि पलीकडे जायचं. बसची रांग बघितलीत ना? मग चला, पायलटकडे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याकडे.

ते बघा, कोपऱ्यावर ओळीने उभे आहेत. काळ्या मोटरसायकली, पुढची मडगार्डं पिवळी, नंबरप्लेटवर ‘जीडी’. अजून हे गोवा, दमण आणि दीव आहे. राज्य व्हायला पुढच्या वर्षीचा मे उजाडायचाय. तुम्ही घाटावरच्या, नोकरीसाठी इकडे आलेल्या. मोटरसायकल टॅक्सी म्हणून भाड्याने मिळते, हे तुमच्या गावी कुणाला सांगून पटलं नसतं. (महाराष्ट्राला बाईक टॅक्सीचं धोरण आणायला 2025 उजाडणार आहे.)

“खंय?”

“पणजीला. फेरीच्या पलीकडे सोडा.”

भाडं आत्ताच ठरवा. बोटीतून पलीकडे न्यायचं तर तो थोडं वाढवून सांगेल. तुम्ही थोडं कमी सांगा. तुम्ही मराठीत बोलताय, तो कोकणीत, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. समोरच्या भिंतीवर मात्र राजभाषेच्या वादाच्या घोषणा रंगवल्यात. डिसेंबरात या वादाने माणसं मरतील, फेब्रुवारीत कायदा होईल. आज भिंत ओली आहे आणि भाडं ठरलंय.

गाडी येझ्दी आहे. चालू करताना नीट बघा, हे नंतर कुठे बघायला मिळणार नाही. डाव्या बाजूचा गिअरचा दांडा तो पायाने आत दाबतो, वर फिरवतो आणि त्याचीच किक होते. दुसऱ्या फटक्याला इंजिन सुरू होतं. दांडा परत खाली, पुन्हा गिअर. दोन सायलेन्सर, दोन्हींतून पांढरट निळा धूर, पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलचा वास. तो वास आज संध्याकाळपर्यंत तुमच्या पदराला राहील.

आता बसा. डावीकडून. पदर पुढे ओढून कमरेला खोचा, घट्ट. मागच्या चाकाशेजारी लोखंडी जाळी दिसते ना, ते साडीगार्ड. तीन वर्षांनी, 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि निम्मं चाक झाकेल असं आवरण, हे तिन्ही सक्तीचं होईल. तोवर जे आहे ते पायलटच्या समजुतीने आहे. जाळीवर विसंबू नका. निऱ्या गुडघ्यांत धरा. आणि टाच खाली लोंबकळू देऊ नका. डावा सायलेन्सर तिथेच आहे. गोव्यात ज्या बाईच्या घोट्यावर वाटोळा डाग दिसेल तिला ‘कशाने भाजलं’ म्हणून विचारायची गरज पडत नाही.

राहिला प्रश्न हाताचा. डावा हात मागच्या दांडीला गेला, छान. उजवा? सीटवरचा पट्टा आहे, पण तो ढिला झालाय आणि तुमच्याच खाली अडकलाय. समोर आहे तो पायलटचा खांदा. रेनकोटखालचा, अनोळखी, पन्नाशीच्या माणसाचा खांदा.

तुमच्या गावी बाई मोटरसायकलवर दिसली की पुढे कोण बसलंय ते लोक आधी बघतात. नवरा, भाऊ, वडील, फार तर दीर. यांपैकी कुणी नसेल तर संध्याकाळपर्यंत चार घरांत चहाबरोबर तो विषय होतो. तुम्ही म्हापशाच्या भर बाजारात एका परक्याच्या मागे बसलात आणि केळीवालीने मान वर करूनही पाहिलं नाही. पिवळं मडगार्ड दिसलं, तिचा हिशोब मिटला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठी सोय वाटते ती ही. बाईला बाहेर पडायला सोबत लागते, हा नियम इथे एका रंगाच्या डब्याने मोडून काढला, आणि त्यासाठी कुणाला भाषण करावं लागलं नाही.

ठेवा हात खांद्यावर. बसच्या दांड्याला धरतो तितक्याच मनाने.

गाडी सुटते तशी तुम्ही मागे सरकता. डावा हात कामाला येतो. गिरीपर्यंत रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे भाताची शेतं, चिखलात वाकलेल्या बायका, त्यांच्या पाठीवर इरली. दोन्हीकडे म्हटलं खरं, तुम्हाला दिसतेय फक्त डावी बाजू. उजवीकडचा गोवा तुमच्या पाठीमागून जातोय. समोरचंही काही दिसत नाही, पायलटचं डोकं आणि रेनकोटची कॉलर सोडून. येणारा ट्रक तुम्हाला आवाजाने कळतो, खड्डा पायलटच्या खांद्याने. खड्डा यायच्या आधी तो खांदा किंचित आवळतो. दोन-तीन खड्ड्यांत तुम्हाला ही खूण कळेल आणि तुम्ही सीटवरून जराशा उचलल्या जाल, न ठरवता.

पाऊस आला. छत्री उघडायचा विचारही करू नका, ती उलटी होईल आणि वाऱ्याने तुम्हालाही घेऊन जाईल. तोंड त्याच्या पाठीमागे आणा. त्याच्या पाठीच्या आडोशाला एक कोरडी जागा आहे, जेमतेम तुमच्या चेहऱ्याएवढी. गुडघे मात्र बाहेर आहेत आणि ते भिजणारच. अर्ज? पिशवी पोटाशी घ्या.

पर्वरीच्या पठारावर वारा आडवा लागतो. इथे अजून ना विधानसभा आहे ना मॉल. कातळ, गवत, थोडी घरं. लवकर संपतं ते. मग उतार.

आता खरी परीक्षा. वळणावर मोटरसायकल झुकते, हे तुम्ही लांबून शंभरदा पाहिलंय. एका बाजूला बसून पाहा. डावं वळण आलं की गाडी तुमच्या तोंडाच्या बाजूला कलते. गुडघ्यांपलीकडे ओला डांबरी रस्ता एकदम जवळ येतो आणि अंग आपोआप मागे जातं. तेच जाऊ द्यायचं नाही. तुम्ही मागे रेललात की वजन वळणाच्या उलट जातं, गाडी हवी तितकी वळत नाही, समोरून बस येत असेल त्या बाजूला सरकते. उजवं वळण त्याहून वाईट, कारण आता तुम्ही पाठीवर पडताय असं वाटतं आणि पाठीमागे काहीच नाही.

“आंग सोड, बाये,” पायलट मान न वळवता ओरडतो.

काहीच करायचं नाही, एवढंच करायचं आहे. गाडी जिकडे झुकेल तिकडे तिच्याबरोबर जायचं, पिशवीसकट. मागे बसणाऱ्याच्या हातात काही नसतं असं लोक समजतात. हँडल नसतं, हे खरं. पण दोघांचं वजन मिळून गाडी तोलायची असते, आणि घाबरलेला माणूस मागे बसला तर कसलेल्या पायलटचाही घाम निघतो. पुढच्या वळणाला तुम्ही श्वास सोडता, खांद्यावरची बोटं ढिली करता, आणि गाडी सुरळीत वळते. तो काही बोलत नाही. यापुढे बोलणारही नाही.

डावीकडे बघा. आज तुमचीच बाजू बरोबर आहे. मांडवी तांबूस, फुगलेली, आणि तिच्यावर अर्धवट थांबलेला पूल.

“पूल पडलो,” तो म्हणतो. हे तो दिवसातून किती गिऱ्हाइकांना सांगत असेल कुणास ठाऊक. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या, असं पुढे निष्पन्न होईल. वरून पूल धडधाकट दिसत होता, हेच त्यातलं भयंकर.

बेतीच्या धक्क्यावर उतारू, दुधाचे कॅन, सायकली, एक बकरी. बोट लागते, लोखंडी फळी खडखडत खाली येते.

“देंव.”

उतरा. ओल्या, शेवाळलेल्या उतारावरून गाडी तो एकटाच आत घालणार. दोघांच्या वजनाने चाक घसरलं तर नदीच. उतरताना पाय जड वाटतील, उजव्या हाताची बोटं आखडलेली. त्याच्या रेनकोटवर तुमच्या मुठीच्या सुरकुत्या पडल्यात.

नदीच्या मध्यावर आल्यावर वरच्या अंगाला नजर टाका. तुम्हाला पुढचं माहीत आहे, म्हणून तेही दिसेल: 1992 मध्ये खुला होणारा नवा पूल, त्याच्या शेजारी आणखी एक, आणि 2019 च्या जानेवारीत सुरू होणारा, तारांवर तोललेला अटल सेतू. लांबी 5.1 किलोमीटर, उंच, देखणा. त्यावर दुचाकीला बंदी आहे. पूल नसताना ज्यांनी म्हापसा ते पणजी माणसं वाहिली, त्यांच्या धंद्याची गाडी त्या पुलावर चढू शकणार नाही. कारणं सुरक्षिततेची असतील, मी वाद घालत नाही. पण या पायलटला सांगू नका. तो आत्ता गाडीला टेकून विडी ओढतोय.

पणजीच्या धक्क्यावर समोरच सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा जुना वाडा. शेजारी संमोहनतज्ज्ञ आबे फारियाचा पुतळा, खाली कोसळणाऱ्या बाईवर हात पसरून उभा. पैसे काढा.

“सुटे आसात?”

नसतात. तो नोट खिशात घालतो, दुसऱ्या खिशातून नाणी मोजून देतो. त्यात चार आणे कमी, पण पाठीमागून माणसं ढकलताहेत. एक मासेवाली, पाटी डोक्यावरून उतरवून थेट मांडीवर घेत, तुमच्या जागेवर बसलीसुद्धा. पदर कधी खोचला ते कळलं नाही, हात त्याच्या खांद्यावर. दांडा आत, वर, किक.

“म्हापशें! म्हापशें!” तो उगीचच ओरडतो. गिऱ्हाईक तर मिळालंय.

तुम्ही अर्ज बघा. एक कोपरा भिजलाय, सही शाबूत आहे. कारकून जेवायला उठायच्या आत वर पोचा.