ट्रॉलीतून मूल पडलं, तर प्रश्न कुणाला विचारायचा?

मॉलमध्ये ट्रॉलीत बसवलेलं मूल खाली पडलं की आजूबाजूच्या लोकांच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं येतं, हे तुम्हाला माहीतच आहे. "आईचं लक्ष कुठे होतं?" बाबा शेजारी उभे असले तरी आईचंच. या वाक्याला मोठा इतिहास आहे, आणि तो आज सांगायचा आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी, कायद्याचा नाही. पण प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असतं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आधी ट्रॉलीबद्दल. १९३७ साली अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीमध्ये, सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानमालकाने ती आणली. त्याची अडचण साधी होती: हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन त्याने आपल्या मेकॅनिककडून चाकांवरचा सांगाडा बनवून घेतला, त्यावर दोन टोपल्या. गंमत म्हणजे सुरुवातीला लोक तिला हात लावेनात. गोल्डमनने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार तरुण बायका म्हणाल्या, बाबागाड्या ढकलून आधीच कंटाळलोय! शेवटी त्याने माणसं पैसे देऊन ट्रॉल्या ढकलायला ठेवली, म्हणजे बाकीचे बघून शिकतील. १९४० च्या दशकात कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने एकात एक सरकणारी ट्रॉली बनवली. युद्धानंतरच्या काळात हँडलजवळ लहान मुलासाठी बैठकही रुळली.

इथे थोडं थांबा. ही बैठक कुणाच्या सोयीची? आईचे हात मोकळे झाले हे खरंच, पण मोकळे हात शेल्फकडे जावेत ही दुकानाचीच गरज होती. म्हणजे मूल उंचावर आणि आईचं लक्ष मालाकडे, ही रचना दुकानाने मांडून दिलेली आहे. दुकानाची सगळी सजावट लक्ष वेधायला, आणि मूल पडलं की दोष लक्ष गेल्याचा. हे मला अजूनही चमत्कारिक वाटतं.

आता दोषाचा इतिहास. तो ट्रॉलीपेक्षा शंभरेक वर्षं जुना आहे. १८३९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे हार्टफील्ड विरुद्ध रोपर हा खटला आला. साधारण दोन वर्षांचं मूल रस्त्यात एकटं होतं, त्याच्यावरून बर्फावरची घोडागाडी गेली. भरपाईचा दावा मुलाच्या वतीने होता, तरी न्यायालय म्हणालं की आईवडिलांचा हलगर्जीपणा हा मुलाचाच हलगर्जीपणा समजायचा. इंग्लंडमध्येही १८५८ च्या एका रेल्वे अपघाताच्या खटल्यात हेच झालं. तिथे मूल आजीबरोबर होतं, आजीची चूक नातवंडाच्या खात्यावर लिहिली गेली. तर्क नीट बघा. ज्याला चूक करता येण्याइतकी समजही नाही, त्याला मोठ्यांच्या चुकीची शिक्षा. मोठ्यांवर टीका तर झालीच, पण उपचाराचा खर्चही मुलाच्या पदरी राहिला आणि गाडीवाला सुटला.

इंग्लंडमध्ये हा नियम १९३३ मध्ये मोडीत निघाला, आजोबांबरोबर रस्ता ओलांडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या खटल्यात. न्यूयॉर्कने १९३५ मध्ये कायदा करून तो काढला. पण म्हणून सगळा भार जागेच्या मालकावर गेला असं समजू नका. १९५५ च्या फिप्स खटल्यात पाच वर्षांचा मुलगा उघड्या चरात पडला होता, बरोबर फक्त सात वर्षांची बहीण. न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी म्हटलं की लहान मुलांची पहिली जबाबदारी आईवडिलांची, आणि शहाणे पालक काय करतील हे जागेच्या मालकाने गृहीत धरलं तर चालेल. दोनच वर्षांनी, १९५७ च्या ब्रिटिश कायद्यात उलट्या बाजूची ओळ आली: मुलं मोठ्यांपेक्षा कमी सावध असणार, याची तयारी जागेच्या ताबेदाराने ठेवायची. ताबेदार म्हणजे दुकानदारही. दोन्ही विचार आजही शेजारीशेजारी नांदतात, आणि माझ्या मते दोन्ही अर्धवटच आहेत. कारण न्यायालयापुढे एका वेळी एकच मूल येतं.

खरा फरक पडला तो मोजायला सुरुवात झाल्यावर. १९४९ मध्ये हार्वर्डचे साथरोगतज्ज्ञ जॉन गॉर्डन यांनी मांडलं की अपघातही रोगासारखा अभ्यासता येतो: माणूस, कारक आणि परिसर. पुढे डॉ. विल्यम हॅडन यांनी ही मांडणी रस्त्यावरच्या अपघातांना लावली. १९७० च्या दशकापासून अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सुमारे शंभर रुग्णालयांच्या नमुन्यातून आपत्कालीन विभागातल्या जखमांची नोंद ठेवतो, आणि प्रत्येक नोंदीत 'कुठल्या वस्तूमुळे' याचा एक कोड असतो. एवढासा रकाना! पण त्यामुळे गावोगावच्या सुट्या सुट्या 'निष्काळजी आया' एका आकड्यात गोळा झाल्या.

त्या नोंदींवरचा २०१४ चा अभ्यास सांगतो की १९९० ते २०११ या काळात तिथे १५ वर्षांखालच्या अंदाजे ५,३०,४९४ मुलांवर ट्रॉलीशी संबंधित जखमांसाठी उपचार झाले. वर्षाला २४ हजारांवर, म्हणजे रोज साधारण ६६. सुमारे ७० टक्के जखमा पडून झालेल्या, आणि ७८ टक्के डोक्याला. डोक्यालाच का? एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १६ किलोमीटर वेगाने आदळते. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, तोल तिकडेच जातो, आणि खाली कडक फरशी. शिवाय रिकाम्या ट्रॉलीत वर मूल बसलं की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ती कलंडायला सोपी होते. रोज ६६ आया एकाच प्रकारे चुकत असतील, तर आयांचा अभ्यास करायचा की ट्रॉलीचा?

२००४ मध्ये अमेरिकेत ट्रॉलीसाठी ऐच्छिक सुरक्षा मानक आलं. २००६ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की मानक सुधारा, पट्टा खरंच रोखतो का आणि ट्रॉली कलंडते का याचे स्पष्ट निकष घाला. पालकांनाही सांगितलं, शक्यतो मुलाला ट्रॉलीत बसवूच नका. मानकानंतरही जखमांचं प्रमाण घटलं नाही, असं २०१४ च्या अभ्यासात दिसतं. डोक्याला आतून मार बसल्याच्या नोंदी तर १९९० च्या मानाने तिपटीहून जास्त झाल्या.

हा शेवटचा आकडा मात्र जपून वापरा. या काळात अशा दुखापतींबद्दल पालक आणि डॉक्टर दोघेही जास्त जागरूक झाले, त्यामुळे मार वाढला की नोंद वाढली हे नुसत्या आकड्यावरून वेगळं करता येत नाही. तसंच किती मुलं किती तास ट्रॉलीत बसली हा छेद इथे नाही. व्हायवात पहिला प्रश्न यावरच येईल.

आपल्याकडे हा विषय घ्यायचा तर सुरुवात कुठून? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा वार्षिक अहवाल अपघाती मृत्यू मोजतो. चार टाके घालून घरी गेलेलं मूल त्यात येणारच नाही. केसपेपरवर नुसतं 'पडून डोक्याला मार' लिहिलं, तर ते पलंगावरून, जिन्यावरून की ट्रॉलीवरून हे नंतर कुणालाच काढता येत नाही. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी तुमच्या जवळच्या एखाद्या रुग्णालयात रीतसर परवानगी घेऊन कोरा फॉर्म मागून बघा, आणि 'कशावरून पडले' असा रकाना आहे का ते तपासा.