पर्णकुटीतील विवाह आणि दिल्लीचा कायदा

१६ जून १९३३ रोजी पुण्याजवळ येरवड्याच्या टेकडीवर ‘पर्णकुटी’ नामक वास्तूत एक विवाह संपन्न झाला. नावाने पर्णकुटी असली तरी ती प्रेमलीला ठाकरसी यांची प्रशस्त हवेली होती. वर देवदास गांधी, गुजराती वैश्य. वधू लक्ष्मी, चक्रवर्ती राजगोपालाचारी यांची कन्या, तमिळ अय्यंगार ब्राह्मण. आणि पौरोहित्य करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले मराठी पंडित. वधूवरांच्या मातृभाषा भिन्न, आणि पुरोहिताची या दोहोंहून निराळी. ज्या एका भाषेत हा विधी दोन्ही घरांना आपला वाटावा ती संस्कृतच होती.

गांधी आणि राजाजी यांचा स्नेह १९१९ पासूनचा. देवदास आणि लक्ष्मी यांची मने १९२७ च्या सुमारास, गांधीजी दक्षिणेत प्रकृतिस्वास्थ्यासाठी राहिले असताना, जुळली. तेव्हा लक्ष्मी अवघी पंधरा वर्षांची, तर देवदास सत्तावीस वर्षांचे होते. दोन्ही पित्यांनी नकार दिला नाही. पण परस्परांना न भेटता, पत्र न लिहिता पाच वर्षे थांबावे, आणि त्यानंतरही मन पालटले नाही तर विवाह करावा, अशी अट घातली. हे कठोरच म्हटले पाहिजे. तथापि या अटीमागे केवळ मुलांची परीक्षा नव्हती. वडिलांनाही आपापल्या मनाची तयारी करण्यास तेवढा अवधी हवा असावा. १९२१ मध्ये गांधीजींनी सहभोजन व मिश्रविवाह यांवरील निर्बंध आत्मोन्नतीस आवश्यक असल्याचे लिहिले होते. तेच गांधी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, ज्या विवाहात एक पक्ष हरिजन असेल त्यालाच आशीर्वाद देईन, असे म्हणू लागले. या दोन टोकांच्या मधोमध पर्णकुटीतील विवाह येतो.

तेव्हा गांधीजी एकवीस दिवसांच्या उपोषणातून नुकतेच उठले होते. ८ मे रोजी आरंभलेले ते उपोषण २९ मे रोजी याच वास्तूत सुटले होते. अंगात शक्ती नव्हती. समारंभात ते थोडेच बोलले. या विवाहात धर्मविरुद्ध असे काही नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले आणि राजाजींचे एक जपलेले रत्न तू आज हिरावून घेतले आहेस, ते सांभाळण्याचे बळ ईश्वर तुला देवो, अशा आशयाचे शब्द ते पुत्राला उद्देशून बोलले. जुन्या मित्राच्या घरचे कार्य आणि आपल्याच घरचे कार्य एक झाल्यावर व्याह्याच्या मनातील संकोच ओळखून बोललेले हे शब्द आहेत.

धर्मविरुद्ध नाही, हे मुद्दाम सांगण्याची गरज का पडावी? कारण वैश्य वर आणि ब्राह्मण वधू हा प्रतिलोम विवाह. मनुस्मृती अशा संबंधातील संततीला ‘वैदेह’ हे निराळेच नाव देऊन मोकळी होते. इंग्रजी न्यायालयेही फार पुढे गेली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ मध्ये ब्राह्मण स्त्री व शूद्र पुरुष यांचा विवाह अवैध मानला. १९२२ मध्ये वैश्य पुरुष व शूद्र स्त्री यांचा अनुलोम विवाह मात्र वैध ठरवला. नोंदणी पद्धतीचा मार्ग होता. १८७२ च्या कायद्यानुसार वधूवरांना आपण हिंदू वगैरे कोणताही धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांची त्यातून सुटका झाली. परंतु असा विवाह करणारा हिंदू अविभक्त कुटुंबातून विभक्त झाला असे समजले जाई, आणि त्याला भाऊ नसल्यास पित्याला तो मृत झाल्याप्रमाणे दत्तक घेण्याची मुभा होती. लग्नाच्या दिवशी सुतक सांगणारा हा कायदा! अशा परिस्थितीत वेदमंत्रांनी प्रतिलोम विवाह लावणे ही शास्त्रीबुवांची नुसती उदारता नव्हती. शास्त्राचा अर्थ शास्त्राच्या आतूनच बदलता येतो, हा त्यांचा दावा त्यामागे होता.

विवाहानंतर देवदास आणि लक्ष्मी यांचा संसार दिल्लीत झाला. १९३७ पासून १९५७ मध्ये मृत्यू येईपर्यंत देवदास ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक होते. याच दिल्लीत १५ एप्रिल १९४८ रोजी, हार्डिंग अव्हेन्यूवरील पहिल्या क्रमांकाच्या बंगल्यात, दुसरा एक मराठी विवाह झाला. वर केंद्रीय कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वधू मुंबईच्या डॉ. शारदा कबीर, जन्माने सारस्वत ब्राह्मण. येथे ना होम, ना पुरोहित. मोजक्या मंडळींसमोर नोंदणी झाली. मिश्रविवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे १९३६ मध्ये लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या घरात आणला. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकर, राजाजी आणि देवदास या तिघांच्याही सह्या होत्या. सरदार पटेलांनी अभिनंदनाच्या पत्रात, बापू हयात असते तर त्यांनी आशीर्वाद दिला असता, असे लिहिले; आंबेडकरांनी उत्तरात ते मान्य केले. दोघांमधील कडू इतिहास पाहता ही मान्यता लहान नव्हे.

या विवाहाच्या सहाच दिवस आधी, ९ एप्रिलला, हिंदू संहिता विधेयक प्रवर समितीकडे गेले होते. ते पुढे रखडले; परंतु १९४९ मध्ये हिंदू विवाह वैधता कायदा झाला. वधूवर भिन्न जातीचे आहेत एवढ्या कारणाने हिंदूंचा कोणताही विवाह अवैध समजला जाणार नाही, आणि तो पूर्वीही कधी अवैध होता असे मानले जाणार नाही, अशी त्याची भाषा होती. मागल्या काळालाही हात घालणारे कायदे थोडे असतात. पर्णकुटीत शास्त्रीबुवांनी जे मंत्राने केले होते त्याला सोळा वर्षांनी दिल्लीतून कायद्याची जोड मिळाली.

१९५४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले, त्याचे अध्यक्ष तर्कतीर्थच होते. त्याच वर्षी संसदेने नवा विशेष विवाह कायदा संमत केला. धर्म सोडल्याची घोषणा आता कुणालाच करावी लागणार नव्हती, मात्र तीस दिवसांची जाहीर सूचना त्यात राहिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात नोएडा व गाझियाबाद येतात, २०२१ मध्ये ती सूचना प्रसिद्ध करणे वधूवरांच्या इच्छेवर सोपवले.